पांढरी हाय तवर काढ

आक्का, काल तुमचं तेरावं झालं. पाहुणे पांगले, मांडवाचं कापड उतरलं, ओसरीवरच्या सतरंज्या झटकून ठेवल्या. तेरा दिवस येणारा-जाणारा प्रत्येक जण मला एकच वाक्य ऐकवत होता, "वैशाली, तू लई केलंस गं तिचं." मी मान खाली घालून ऐकून घेत होते. हॉस्पिटलात आठ दिवस तुमच्या उशाशी मी होते, हे खरंच आहे. पण त्यातल्या पहिल्या दिवशी मी जे केलं ते घरात आपल्या दोघींनाच ठाऊक होतं, आणि त्यातल्या तुम्ही गेलात. आता ते एकट्या माझ्याजवळ आहे आणि मला ते पेलत नाही.

म्हणून सकाळी सकाळी वही घेऊन बसले. कुणाला सांगायची छाती होत नाही, निदान कागदाला तरी सांगावं. तुम्ही माझं अक्षर बघून म्हणायचात, "हे मुंगळं कुनी सोडलं कागदावर?" तेच मुंगळे परत सोडतेय, गोड मानून घ्या.

जावा जावा आणि उभा दावा, असं आपल्याकडे म्हणतात. तुम्ही थोरल्या जाऊबाई, मी धाकटी. दावा आपलाही होता, पण गावातल्या बाकीच्या जावांची भांडणं पाण्याच्या हंड्यावरून नि वाटणीवरून होतात, आपली बुरशीवरून व्हायची. सगळ्या कोळवणात हसायचे लोक. मी घोटावड्याची, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेली, पिरंगुटच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला. सहा वर्षांपूर्वी नोकरी सोडून मी म्हटलं, मागच्या भाताच्या शेडमध्ये आपण काहीतरी सुरू करू. काय, ते सांगितल्यावर तुम्ही कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलात. "माज्या भाकरीला एकदा बुरशी आली तर सासूनं आठ दिस बोलून काडलंवतं मला. आन् तू मुद्दाम लावतीस व्हय?"

मी तुम्हाला समजावलं होतं ते आठवतं का? गव्हाचा कोंडा ओलसर करायचा, वाफेवर शिजवायचा, थंड झाला की त्यात निवडलेल्या काळ्या बुरशीचं बी मिसळायचं आणि ट्रेमध्ये पसरून ठेवायचं. पाण्याच्या टाकीत नाही, नुसत्या ओलसर कोंड्यावर. बुरशी वाढता वाढता स्वतःसाठी एक एन्झाइम सोडते. ते कोंबड्यांच्या खाद्यात मिसळलं की दाण्यातला एरवी वाया जाणारा फॉस्फरस कोंबडीच्या अंगी लागतो. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हंजे मुरवण घालायचं, दुसरं काय?" मी दोन वर्षं कॉलेजात जे शिकले ते तुम्ही एका शब्दात आटपलं. मला राग आला होता, पण शब्द बरोबर होता.

तुमच्या हाताचं काय सांगू. ओलावा मोजायला माझ्याकडे यंत्र होतं. तुम्ही कोंडा मुठीत आवळायचात. बोटांतून पाणी यायला नको, मूठ उघडली की लाडू तसाच राहायला हवा, आणि टिचकी मारली की फुटायला हवा. तुमची टिचकी आणि माझं यंत्र यांच्यात कधी फरक पडला नाही. पडला तेव्हा यंत्र बिघडलेलं निघालं. एकदा भर मे महिन्यात लाईट गेली आणि पंखे बंद पडले. बुरशी वाढताना ट्रे आतून तापतात, वारा मिळाला नाही तर ती स्वतःच्याच उष्णतेनं मरते. मी रडायच्या बेताला आले होते. तुम्ही घरातली नि शेजारची मिळून सगळी सुपं गोळा केलीत, आठ बायका उभ्या केल्यात आणि दुपारभर ट्रेंना वारा घालायला लावलात. वर म्हणालात, "लेकरू आजारी पडलं तर काय डाक्टर येस्तवर बसून ऱ्हाता का?" एकही ट्रे गेला नाही. त्या दिवशी तुमच्या पाया पडावंसं वाटलं होतं, पण आपल्यात तसली रीत नव्हती. मी चहा करून आणला आणि तुम्ही त्यात साखर कमी म्हणून नाक मुरडलंत.

नाक. तिथंच यायचंय मला.

ट्रे बिघडला हे डोळ्याला दिसायच्या आधी तुमच्या नाकाला कळायचं. तुम्ही ट्रेवरचं मलमलचं कापड एका कोपऱ्यातून उचलायचात, पदर मागे खोचायचात आणि अख्खं तोंड आत घालून एक लांब श्वास ओढायचात. चांगला असला तर "उकडल्या बटाट्याचा वास हाय, ऱ्हाऊ दे." बिघडायला लागला असेल तर "शिळं ताक." फारच बिघडला असेल तर "ओलं कुत्रं, काड भाईर." माझ्या काचेच्या बशीत नमुना वाढवून तोच निकाल यायला तीन दिवस लागत. पहिल्या वर्षी मी हट्टानं एक 'शिळं ताक' ठेवून दिला होता, शास्त्र म्हणजे शास्त्र म्हणून. चौथ्या दिवशी शेजारचे चार ट्रे लिबलिबीत झाले. त्यानंतर मी बश्या करणं हळूहळू कमी केलं. तुमचं नाक असताना तीन दिवस थांबायचं कशाला, असं मला वाटू लागलं.

हे कामाचं वळण मी पाडलं, आक्का. शिकलेली मी होते. नवीन बायकांना मीच सांगायचे, मास्क लावल्याशिवाय शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. तुम्हालाही रोज सकाळी सांगायचे. तुम्ही म्हणायचात, "तोंडाला फडकं बांदल्यावर नाक कसं चालंल?" आणि दुपारी मीच हाक मारायचे, "आक्का, जरा ह्या रॅकचा वास बघून जा ना." म्हणजे सकाळी मास्क घाला म्हणणारी मी आणि दुपारी काढायला लावणारीही मीच. याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. रोज, सहा वर्षं, रॅकमागून रॅक.

आणि आपलं मोठं भांडण. ते तर अर्धवटच राहिलं.

चौथ्या दिवशी बुरशी पांढरी असते, पिंजलेल्या कापसासारखी. पाचव्या दिवशी ती काळी पडते, म्हणजे तिला बी धरतं, आणि ट्रेला हात लावला की काळी धूळ उठते. चहाच्या पुडीहून बारीक. तुमचं म्हणणं पहिल्यापासून एकच, "पांढरी हाय तवर काढ. काळी पडली का घशाला खाजवतुया." मी प्रत्येक वेळी चाचणीचा कागद पुढे करायचे. पाचव्या दिवशी एन्झाइमची ताकद जास्त येते, हे बघा, लिहिलंय. किती जास्त, असं तुम्ही विचारलंत. थोडी, असं मी म्हटलं. "थोडीसाटी?" तुम्ही म्हणालात. आणि मी तुम्हाला म्हटलं, आक्का, यातलं तुम्हाला कळत नाही.

हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल. तुम्ही दरवेळी गप्प बसून पाचव्या दिवशी ट्रे खरवडायला बसायचात. वाळवून दळायचं कामही तुम्हीच अंगावर घेतलं होतं, कारण दुसऱ्या बायका सांडतात. काढणीच्या संध्याकाळी तुमचं अंग मोडून यायचं, कणकण वाटायची. सकाळी परत ठणठणीत. तुम्ही त्याचीही थट्टा करायचात, "ट्रेचा ताप उतरला का मला चडतुया." मी हसायचे. मला हसू यायचं, आक्का! एम.एस्सी. झालेली बाई, दर काढणीला तिच्या जावेला ताप येतो, आणि ती हसते.

मग खोकला सुरू झाला. तुम्ही माहेरी, मुठ्याला, चार दिवस गेलात की थांबायचा. परत आलात की तिसऱ्या दिवशी सुरू. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की आपल्या विहिरीचं पाणी तुम्हाला बाधतंय. अण्णांनी तुमच्यासाठी फिल्टर बसवून घेतला. बायकोसाठी या माणसानं कधी काही आणलं नव्हतं, त्यामुळे त्या फिल्टरचं तुम्हाला केवढं कौतुक! येणाऱ्याला आधी त्यातलं पाणी पाजायचात. मला तेव्हा आत कुठेतरी कळलं होतं का? हा प्रश्न मी स्वतःला तेरा दिवस विचारतेय. कळलं होतं, असंच उत्तर येतं. मी कॉलेजात या आजाराचा एक परिच्छेद वाचला होता, बुरशीच्या धुळीनं फुप्फुसं कशी आतून धरतात याचा. तो मला आठवायचा नव्हता.

त्या सकाळी तुम्हाला तीन पावलं टाकता येईनात. पौडच्या डॉक्टरांनी तपासून सरळ पुण्याला न्यायला सांगितलं. जीपमध्ये मागे आपण दोघीच होतो, अण्णा नि माझा नवरा पुढे. पिरंगुटच्या घाटात गाड्या तुंबल्या होत्या. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि एकेक शब्द सुटा सुटा करून म्हणालात, "शेडचं नाव... काडू नको तितं."

"का ओ आक्का?"

"बंद पाडत्याल. आन् हे तर इकायची वाटच बगत्यात. त्यो फार्महाऊसवाला दोनदा... येऊन गेलाय जागंसाटी." मग दम घेऊन, "बुरशीनं बाई पडली म्हंत्याल. पूनमला मग... काय दावशील?"

पूनमसाठी तुम्ही हे सगळं चालवलं होतंत, मला ठाऊक आहे. तुमची पोरगी पौडच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, आणि तिनं शेडचं पुढे काहीतरी मोठं करावं अशी तुमची आस. शेड बंद पडली तर ते वावर त्या पुण्याच्या माणसाच्या घशात जाणार, हेही खरं. आजूबाजूची किती गेली ते आपण बघतच होतो. आयुष्यभर दुसऱ्याच्या पाठीमागे वाकून भात लावलेल्या बाईला पहिल्यांदा कुणीतरी विचारायला लागलं होतं, आक्का, हा माल पाठवू का? खाद्याच्या कारखान्यातला माणूसही आधी तुम्हाला विचारायचा, मग मला. ते तुम्हाला सोडवत नव्हतं.

हॉस्पिटलातला डॉक्टर तरुण होता, घाईत होता, पण त्यानं सगळं नीट विचारलं. ऑक्सिजन लावलेला, तुमचे डोळे उघडे, अण्णा नि माझा नवरा खाली कागद भरायला गेलेले. त्यानं मला विचारलं, "काम काय करतात?" मी म्हटलं, "शेती." तो लिहिता लिहिता म्हणाला, "घरात कबुतरं, कोंबड्या? बुरशी लागलेलं धान्य, गवत, कोंडा, असल्या कशात काम असतं का?"

कोंडा म्हणाला तो, आक्का. बुरशी म्हणाला. त्याहून सोपं त्यानं काय विचारायला हवं होतं?

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही नळीखालून मान हलवलीत, नाही म्हणून. आणि मी म्हटलं, "नाही. भातशेती आहे आमची." त्यानं ते लिहून घेतलं. तुमच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसलं, आणि खरं सांगू का, मलाही हायसं वाटलं.

दोन दिवस ते तुम्हाला न्यूमोनियाची औषधं देत होते. दोन दिवस तुम्ही खाली खाली जात होतात. मी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून स्वतःशी घासाघीस करत होते. उद्या उतार पडेल, मग सांगायची गरजच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला ओळखलं नाहीत, मला तुमची मेलेली बहीण समजून तिचं नाव घेतलंत. तेव्हा मी धावत जाऊन डॉक्टरला गाठलं आणि सगळं सांगितलं. शेड, बुरशी, सहा वर्षं, नाक. त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. "तुम्ही स्वतः काय शिकलाय म्हणालात?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. त्यानं फाईल उचलली आणि तो तुमच्या खोलीकडे निघाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

औषध बदललं. दीड दिवस तुम्ही वर आलात. चहा मागितलात. पूनमला म्हणालात, "किती वाळलीस गं, खानावळीचं खातीस का काय?" आम्हाला वाटलं जिंकलो. मग परत घसरण लागली ती थांबलीच नाही. आठव्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात.

मी नंतर त्या डॉक्टरला एकट्याला गाठलं आणि विचारलं. तो म्हणाला, "फुप्फुसं आधीच खूप आखडली होती. पहिल्या दिवशी कळलं असतं तर वाचल्या असत्या, असं मी छातीठोक सांगू शकत नाही." मी जायला वळले तर मागून म्हणाला, "नसत्या वाचल्या, असंही सांगू शकत नाही." प्रामाणिक माणूस. आता मला या दोन वाक्यांच्या मध्ये राहायचं आहे.

घरी मी सांगितलं नाही. अण्णा भिंतीला टेकून बसलेले, पूनम तुमचं लुगडं मांडीवर घेऊन बसलेली, त्यात मी काय बोलणार? मी ठरवलं, दहाव्याला सांगेन. तुम्हाला हसू येईल, पण मी चक्क कावळ्यावर भिस्त ठेवली होती. मला खात्री होती की कावळा शिवणार नाही. तुमचा जीव शेडमध्ये अडकलेला, माझ्या तोंडच्या खोट्यात अडकलेला. घाटावर पिंड ठेवतील, कावळे लांबून बघत बसतील, मग अण्णा म्हणतील पूनमचं लग्न चांगलं करीन, कुणी काही, कुणी काही, तरी शिवणार नाही. मग मी पुढे होईन आणि सगळ्यांसमोर बोलेन. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती.

भटजींचा हात पुरता मागे आला नव्हता तोवर कावळा झडप घालून गेला. चुलत सासरे म्हणाले, "काय बी ऱ्हायलं न्हवतं तिचं. सुखानं गेली." सगळ्यांनी डोळे पुसले आणि चपला शोधायला लागले. मी तिथंच उभी. मला तुमचा एवढा राग आला आक्का, एवढा राग आला! जिवंतपणी प्रत्येक गोष्टीत खोट काढणारी बाई, आणि नेमकी तेव्हाच तक्रार नाही?

एवढं लिहून झालं होतं. म्हटलं होतं, इथंच थांबावं, वही ट्रंकेत ठेवावी. लिहिलं म्हणजे सांगितल्यासारखंच आहे, अशी मी मनाची समजूत घालत होते. तेवढ्यात मागून शेडचं लोखंडी दार सरकल्याचा आवाज आला. आता संध्याकाळ आहे. पुढचं आता लिहितेय.

तुम्ही हॉस्पिटलात गेलात तेव्हा ट्रेंचा एक घाणा रॅकवर लावलेला होता. आधी तुमच्या पळापळीत आणि मग घरात सुतक, शेडचं दार उघडायचं नाही, म्हणून तो तसाच राहिला. बुरशीला सुतक कोण सांगणार? तीन आठवड्यांत ट्रे कोळशासारखे काळे झालेले. मी मनात ठरवलं होतं की तोंड-डोकं नीट बांधून, सगळं ओलं करून, एकटीनं ते पुरून टाकायचं. पूनमला त्यातलं काही माहीत नव्हतं. तिला तेवढंच माहीत होतं की आईचा शेवटचा घाणा आत पडलाय.

मी गेले तर ती पहिल्या रॅकपाशी. तुमच्यासारखाच पदर, म्हणजे तिची ओढणी, मागे खोचलेली. कापडाचा एक कोपरा उचललेला. आणि तोंड ट्रेकडे वाकवलेलं.

मी असं ओरडले की माझाच आवाज मला ओळखू आला नाही. तिचा दंड धरून तिला ओढत बाहेर आणलं. ती भेलकांडली, घाबरली, मग चिडली. "काकी, काय झालं तुमाला? वासच घेत होते ना? आई रोज घ्यायची. मला बी येतंय ओळखायला, तिनंच शिकवलंय."

"तिनं घेतला म्हणूनच गेली ती," मी म्हटलं.

माझं ओरडणं ऐकून अण्णा गोठ्यातून आले होते. हाताला शेण तसंच. म्हणाले, "कोन गेली कशानं?"

आता मागे फिरायला जागा नव्हती. शेडच्या दाराबाहेर, उन्हात उभ्या उभ्या मी सांगितलं. वासाचं सांगितलं, पाचव्या दिवसाचं सांगितलं. तापाचं, मुठ्याला गेल्यावर थांबणाऱ्या खोकल्याचं, सगळं. मग डॉक्टरनं कोंडा शब्द उच्चारला आणि मी शेती म्हटलं, तेही सांगितलं. दोन दिवस, म्हणून सांगितलं. आणि मग, देव मला क्षमा करो, मी पुढचं वाक्यही जोडलं. "आक्काच म्हणाल्या होत्या, शेडचं नाव काढू नको म्हणून. जीपमध्ये. डॉक्टरसमोर पण मान हलवली त्यांनी."

अण्णांनी हाताचं शेण गवताला पुसलं. मग तिथल्याच दगडावर बसले. मला वाटलं होतं ते हात उगारतील, नाहीतर माझ्या नवऱ्याला हाक मारतील, नाहीतर त्या फार्महाऊसवाल्याला फोन लावतील. त्यांनी त्यातलं काही केलं नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "तिनंच सांगितलंवतं ना? मग तू तरी काय करनार पोरी. तिची विच्छा व्हती. मोटी जाऊ म्हनून तू तिचं ऐकलंस."

मला रडू आलं, आक्का. तेरा दिवसांत पहिल्यांदा मोकळं रडू आलं. वाटलं, सुटले. एवढ्या मोठ्या माणसानं माझ्या डोक्यावरचं ओझं हातानं उचलून बाजूला ठेवलं.

पूनम इतका वेळ दाराला धरून उभी होती. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. ती वळली नाही, तशीच पाठमोरी बोलली. मोठ्यानं नाही, अगदी साध्या आवाजात.

"सा वर्सं आई सांगत होती, पांढरी हाय तवर काढा. काकीनं एकदा तरी ऐकलं का तिचं? तुमाला कळत न्हाई म्हनायच्या तिला. माज्यासमोर म्हनायच्या." मग ती वळली. "आन् ऐकायचं म्हनून नेमकं त्याच दिवशी ऐकलं?"

अण्णा तिच्यावर ओरडले. मोठ्यांशी असं बोलतात का, गप बस, आत जा, असं म्हणाले. मी डोळे पुसले आणि त्यांना थांबवलं.

"बोलू द्या तिला, अण्णा," मी म्हटलं. पूनम बोलत राहिली. मी खाली मान घातली नाही. तिच्या तोंडाकडे बघत, तिचं बोलून पुरं होईपर्यंत ऐकत उभी राहिले.